शौचाची सवय आणि बालकाचा वेग : धारण व उदीरण यांचा विचार

प्रास्ताविक

माता आपल्याकडे बालकाला घेऊन येते ती बहुधा ज्वर, कास, कृमी किंवा अतिसार यांसाठी. 'मूल शौचाला बसत नाही, चड्डीतच करते, सांगत नाही' ही तक्रार ती सहसा शेवटी, निघता निघता, काहीशा संकोचाने सांगते. ही वळणाची गोष्ट आहे, वैद्याची नव्हे, अशी घरोघरी समजूत असते. पुष्कळदा आपणही 'मोठा झाला की सुधारेल' असे म्हणून विषय संपवतो. पेण व रोहा तालुक्यांतील आपल्या व्यवसायबंधूंशी आणि औषधी दुकानदारांशी बोलताना आम्हांस असे दिसून आले की, या तक्रारीमागे अनेकदा वळणाचा दोष नसून व्याधी असतो आणि घरातील उपाय तो व्याधी वाढवीत असतात. प्रस्तुत लेखात या विषयाचा शास्त्रीय व व्यावहारिक विचार मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे. आरंभी आमच्याच एका चुकीची हकिकत सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

एक रुग्णानुभव

हमरापूर-जोहे परिसरात गणेशमूर्तींच्या कारखान्यांचा हंगाम ऐन भरात असताना एक माता साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन आली. दिवसभर रंगकामावर जावे लागत असल्याने मूल आजीजवळ राही. "डॉक्टर, दिवसातून चार-पाच वेळा चड्डी खराब करतो. पातळच होतं. मारलं तरी सांगत नाही. बालवाडीच्या बाईंनी घरी ठेवायला सांगितलंय," असे तिचे गाऱ्हाणे होते. मल द्रव, अल्प व दुर्गंधी होता. बालवाडीत जाऊ लागल्यापासून त्रास वाढल्याचे तिने सांगितले. आम्ही भयज अतिसाराचे निदान केले आणि कुटज-बिल्व यांचा योग दिला.

आठ दिवसांनी मूल परत आले ते अधिक मलूल होऊन. अन्नावर वासना नाही, उदर फुगलेले, चड्डी खराब होणे तसेच. त्या वेळी आम्ही पहिल्या भेटीतच करावयास हवे होते ते केले. मुलाला निजवून उदराचे स्पर्शन केले. डाव्या बाजूस खाली कठीण, गाठींसारखा मलसंचय हाताला स्पष्ट लागला. मग इतिहास नीट विचारला. वैशाखात पाण्याची टंचाई असताना मुलाला खडा झाला होता, शौचाच्या वेळी रक्त पडले होते, मूल किंचाळले होते. तेव्हापासून ते दाराआड जाऊन पाय आवळून उभे राही. आजीने एरंडेल पाजले, विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून गुदद्वारी लावला. अखेर वैतागून वडिलांनी 'होईपर्यंत बाहेर यायचे नाही' असे म्हणून त्याला संडासात कोंडून ठेवले. हे सांगताना त्या मातेचे डोळे भरून आले.

या बालकास अतिसार नव्हता, मलावरोध होता. आम्ही वाहणारा मल पाहिला, अडलेला मल पाहिला नाही आणि स्तंभन देऊन अवरोध वाढविला.

मल अडलेला असताना वाहतो कसा?

मलाशय मलाने भरला की त्याची भिंत ताणली जाते व वेगाची जाणीव होते. आतील संकोचक स्नायू आपोआप शिथिल होतो. बाहेरचा मात्र इच्छेच्या अधीन असतो. एकदा वेदना झालेले मूल हा बाहेरचा स्नायू आवळून वेग परतवते. वेग विरतो, मल मात्र आतच राहतो. त्यातील जलांश शोषला जाऊन तो अधिक शुष्क व कठीण होतो. पुढच्या खेपेस वेदना अधिक, म्हणून भय अधिक, म्हणून धारणही अधिक, असे चक्र सुरू होते.

काही आठवड्यांत मलाशय विस्फारतो व त्याची संवेदना मंदावते. वरून येणारा द्रव मल कठीण गोळ्याच्या कडेने पाझरून चड्डीत येतो. मुलाला त्याची जाणीवच होत नाही. 'सांगत का नाहीस?' या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नसते, कारण सांगण्याजोगे त्याला काही कळलेलेच नसते. सततच्या संपर्काने त्या वासाचीही त्याला सवय होते. त्याला मूल निर्लज्ज झाले असे समजू नये. भरलेल्या मलाशयाचा दाब बस्तीवर पडल्याने अनेक मुलांत वारंवार मूत्रप्रवृत्ती, दिवसा कपडे ओले होणे व मूत्रमार्गाचा संसर्गही आढळतो. मल व मूत्र या दोहोंचे विसर्जन अपान वायूच्या अधीन आहे, हा आपला सिद्धान्त येथे प्रत्यक्ष प्रत्ययास येतो.

मूल पाय एकमेकांवर आवळते, चवड्यांवर उभे राहते, टेबल धरून ताठ होते, घामेजते. पाहणाऱ्यास वाटते की ते कुंथत आहे. वस्तुतः ते रोखत असते. मातेकडून हे वर्णन मिळाले की निम्मे निदान झाले.

शास्त्रविचार : केवळ धारण नव्हे, उदीरणही

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय नवेगान्धारणीय या नावाने आपणा सर्वांस परिचित आहे. पुरीषवेग धारण केल्याने पक्वाशयशूल, शिरःशूल, वात व मल यांचा अवरोध, पिंडिकोद्वेष्टन आणि आध्मान ही लक्षणे त्यात सांगितली असून स्वेद, अभ्यंग, अवगाह, वर्ती, बस्ती व प्रमाथी अन्नपान ही चिकित्साही दिली आहे. सुश्रुतांनी उत्तरतंत्राच्या ५५ व्या अध्यायात उदावर्ताचा स्वतंत्र विचार केला आहे.

तथापि वाग्भटांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात सांगितलेल्या एका गोष्टीकडे आमचे लक्ष कमी जाते. रोगांचे कारण म्हणून ते वेगधारणाबरोबरच वेगोदीरणाचाही, म्हणजे नसलेला वेग बळाने आणण्याचाही, निर्देश करतात. प्रौढ रुग्णात हे दोन दोष एकाच व्यक्तीत शोधावे लागतात. बालकात मात्र ते दोन व्यक्तींत विभागले जातात. उदीरण घर करते आणि धारण मूल करते. सकाळी शाळेची गाडी येण्यापूर्वी 'आत्ताच कर' असा धाक, वेग नसताना अर्धा तास बसवून ठेवणे, दर महिन्याचे एरंडेल, साबणाची कांडी, पानाचा देठ, कोंडणे, मारणे ही सर्व उदीरणाची रूपे होत. जितके उदीरण अधिक तितके मूल अधिक आवळते. म्हणून चिकित्सेचा पहिला भाग मुलावर नसून घरावर करावयाचा असतो, हे आमचे या लेखातील मुख्य म्हणणे आहे.

भयाने वात प्रकुपित होतो हे शास्त्रवचन येथे केवळ तात्त्विक राहत नाही. चरकांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात बालकाला भय दाखवू नये, ते रडले, जेवले नाही किंवा ऐकेनासे झाले तरी राक्षस-पिशाचादिकांची नावे घेऊन घाबरवू नये, असे स्पष्ट बजावले आहे. आपल्याकडे संडासातील बागुलबुवा हा त्याच वर्जित उपायांपैकी एक होय.

सवय केव्हा लावावी?

'आमच्या वेळी वर्षाच्या आत मुले शहाणी होत' असे आजीबाई म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्यांश आहे. दोन पायांवर बसवून 'शू शू' असा आवाज करण्याची आपली रीत चांगलीच आहे. मूल वळवळू लागताच त्यास उचलले जात असेल तर त्यात उदीरण नाही. परंतु ती मातेची सवय असते. मुलाने वेग ओळखणे, तो जागेवर पोहोचेपर्यंत थोपविणे व स्वतः सोडणे ही क्षमता त्यानंतरची आहे.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली १,१७० बालकांच्या निरीक्षणांवर आधारलेला लेख प्रसिद्ध केला. मूल तयार होईपर्यंत थांबावे व सक्ती टाळावी, अशी त्यांची पद्धती होती. त्यात दिवसाची सवय सरासरी अडीच वर्षांच्या आत पुरी झालेली दिसली. दोन तास कोरडे राहणे, उकिडवे बसता येणे, चड्डी खाली ओढता येणे, साध्या सूचना समजणे, 'शी आली' हे शब्दाने वा खुणेने सांगणे ही तयारीची लक्षणे होत. बहुतेक मुलांत ती दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान दिसू लागतात. चार वर्षांपर्यंत अधूनमधून चड्डी खराब होणे आणि पाच वर्षांपर्यंत रात्री अंथरूण ओले होणे यांस आधुनिक वैद्यकही व्याधी म्हणत नाही. मात्र वेदना, कठीण मल व धारण ही लक्षणे कोणत्याही वयात उपेक्षणीय नाहीत.

आपल्या भागातील विशेष कारणे

१. पाणी : पेणचा खारेपाट, विशेषतः वाशी-शिर्कीकडील गावे, वर्षानुवर्षे उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची टंचाई सोसत आली आहेत. जपून वापरण्याच्या पाण्यात मुलाचे पिणेही नकळत घटते, आणि खराब कपडे धुण्याचे पाणी हे घरातील संतापाचे कारण होते. मातेला दोष देण्यापूर्वी तिला हंडाभर पाणी किती दुरून आणावे लागते हे विचारावे.

२. संडासाची रचना : २०१४ साली स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यावर गावोगाव घरगुती शौचालये झाली, ही मोठीच सुधारणा होय. परंतु भांडे प्रौढांच्या मापाचे, खोली अंधारी, दार घट्ट. दोन्ही पाय ताणून बसलेल्या लहान मुलाला खालचे भोक आपणास गिळील असे वाटते. कालपर्यंत ओटीच्या कडेला बसणारे मूल अकस्मात तेथे नेले जाते.

३. घरातील वेळापत्रक : मूर्तिकामाच्या हंगामात माता पहाटेपासून कामावर. रोह्याला धाटाव औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्या पित्याच्या घरात दिवसा झोप चाललेली. चाळवजा खोल्यांत सकाळी सामाईक संडासापुढे रांग. या सर्वांत मुलाच्या वेगास वेळ उरत नाही.

४. आहार : पोहे व भात आपल्याकडे मुबलक, त्यांचा दोष नाही. परंतु सकाळी चहा-बिस्किट, दुपारी वरणाशिवाय भात, संध्याकाळी पुन्हा बिस्किटाचा पुडा आणि भूक मारणारे अतिरिक्त दूध, या क्रमात भाजी, फळ व स्नेह राहून जातात.

५. जून महिना : बालवाडी किंवा खासगी शिशुवर्गात घालण्यापूर्वी महिनाभरात सवय लावण्याची घाई होते. शाळेत मूल संकोचाने दिवसभर वेग धरते. पालकांनी शिक्षिकेशी आधी बोलावे यासाठी आपण त्यांना प्रवृत्त करावे.

परीक्षण व धोक्याची लक्षणे

इतिहास, उदरस्पर्शन, गुदद्वाराचे केवळ बाह्य दर्शन (परिकर्तिका आहे का), पाठीच्या खालच्या भागाचे दर्शन व वजन, एवढे परीक्षण प्रत्येक बालकात करावे. गुदपरीक्षणाची जबरदस्ती करू नये. पुढील लक्षणांत आपली चिकित्सा सुरू न करता बालकास तातडीने बालरोगतज्ज्ञाकडे पाठवावे :

जन्मानंतर ४८ तासांत पहिला मल झालेला नसणे, जन्माच्या पहिल्या महिन्यापासूनच मलावरोध, रिबिनीसारखा बारीक मल, हिरवी उलटी, उदराचा तीव्र फुगारा, वजन न वाढणे, कंबरेखाली केसांचा पुंजका किंवा खळगा, पायांत अशक्तता, परिकर्तिका नसताना रक्त. सवय लागलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले व त्यास तहान फार लागत असेल, तर रक्तशर्करा त्याच दिवशी तपासून घ्यावी. वळण लागलेल्या मुलात अकस्मात बदल होऊन त्यास विशिष्ट व्यक्तीची भीती वाटत असेल, तर लैंगिक अत्याचाराची शक्यताही मनात ठेवावी. तसा संशय आल्यास पोलिसांस कळविणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे.

चिकित्सा

चिकित्सेचे चार टप्पे आम्ही पाळतो.

पहिला टप्पा, विराम. काही आठवडे शिकवणे पूर्ण थांबवावे. लंगोट किंवा डायपर लाज न दाखवता परत सुरू करावे. हे ऐकून पालक दचकतात. परंतु वेदना असताना दिलेले शिक्षण हे भयाचेच शिक्षण ठरते.

दुसरा टप्पा, संचित मलाचे निर्हरण. उदरात गाठी लागत असतील तर केवळ मनुका व तूप पुरत नाही. अशा वेळी बालरोगतज्ज्ञांच्या साहाय्याने तोंडावाटे मलमृदुकर औषध देऊन मलाशय रिकामा करून घेण्यात कमीपणा मानू नये. मलावरोधासाठी वर्ती-बस्ती शास्त्रोक्त आहेतच, आणि बालकास बस्ती कोणत्या वयापासून द्यावी याची चर्चा काश्यपसंहितेच्या सिद्धिस्थानात आलेली आहे. तथापि गुदप्रदेशाच्या वेदनेनेच भ्यालेल्या मुलात त्याच ठिकाणी पुन्हा उपचार केल्यास भय दुणावते. म्हणून शक्य तेथे मुखमार्गच स्वीकारावा.

तिसरा टप्पा, दीर्घकाल अनुलोमन. चतुरंगुल अर्थात बहावा हा मृदू व निरुपद्रवी असल्याने बाल, वृद्ध व सुकुमार यांना विशेष योग्य, असे चरकांनी कल्पस्थानाच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे. चार ते बारा वर्षांच्या बालकास तो द्राक्षारसाबरोबर देण्याचा उल्लेखही तेथेच आहे. चैत्र-वैशाखात आपल्या रस्त्यांच्या कडेने पिवळ्या घोसांनी फुलणारा हा वृक्ष सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याच्या मगजाची मात्रा वय, बल व कोष्ठ पाहून वैद्यानेच ठरवावी. घरी शेंग फोडून देऊ नये. सोबत रात्री भिजवून, बिया काढून कुस्करलेल्या काळ्या मनुका, गरम भातावर तूप, कोमट पाणी, आणि आंघोळीपूर्वी उदर व कटिप्रदेशी तिळतेलाचा हलका अभ्यंग. परिकर्तिका असल्यास कोमट पाण्यात अवगाह व स्थानिक घृतलेपन.

मल मृदू होताच पालक औषध बंद करतात, ही सर्वांत मोठी चूक होय. विस्फारलेला मलाशय पूर्ववत होण्यास महिने लागतात. २०१४ साली युरोपीय व उत्तर अमेरिकन बालपचनतज्ज्ञांच्या संघटनांनी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनातही किमान दोन महिने औषध देऊन, लक्षणे थांबल्यावर आणखी किमान एक महिना वाट पाहून मगच ते हळूहळू कमी करावे असे सांगितले आहे.

चौथा टप्पा, वेगाशी पुनर्परिचय. जेवणानंतर पक्वाशयाची गती स्वाभाविकपणे वाढते. म्हणून न्याहारी व रात्रीचे जेवण यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी पाच मिनिटे बसवावे. पाय जमिनीवर किंवा पाटावर टेकलेले असावेत. भांडे मोठे असल्यास लहान मुलांची बैठक वापरावी. दिवा लावावा, दार उघडे ठेवावे, कोणी जवळ बसावे. पाच मिनिटांत झाले नाही तर हसतमुखाने उठवावे. शाबासकी बसल्याबद्दल द्यावी, मल झाल्याबद्दल नव्हे. बसणे मुलाच्या हाती आहे, वेग नाही. भिंतीवरील कालनिर्णयात जेथे दुधाचा हिशेब मांडतात तेथेच मल झाल्याच्या दिवशी एक खूण करावी. पुढील भेटीत ते पान वैद्यास शंभर प्रश्नांपेक्षा अधिक सांगते.

औषधी दुकानदारांस विनंती

माता प्रथम आपल्याकडेच येते, वैद्याकडे नंतर. म्हणून आपल्या हाती मोठी गोष्ट आहे. 'मुलाला पातळ होते, काहीतरी द्या' असे कोणी म्हणाल्यास चार प्रश्न विचारावेत : किती दिवसांपासून? एका वेळी भरपूर की थोडे थोडे, चड्डीला लागण्याइतके? त्याआधी खडा होत होता का? मूल पाय आवळून उभे राहते का? उत्तरे अवरोधाकडे झुकत असतील तर कुटजाचे योग, बालचतुर्भद्र किंवा अन्य कोणतेही स्तंभक देऊ नये, वैद्याकडे पाठवावे. अतिसाराच्या चिकित्सेतही थोडे थोडे, अडखळत व सशूल मल पडत असता स्तंभन न करता हरीतकीसारख्या द्रव्याने अनुलोमन करण्याचा उपदेश आहे, हे येथे स्मरावे.

तसेच सोनामुखीची चूर्णे लहान मुलांसाठी मागितल्यास हातात देऊ नयेत. जयपाल हे औषधी द्रव्ये नियमांच्या परिशिष्ट ई (१) मधील विषारी द्रव्य आहे. ते असलेले इच्छाभेदी रसासारखे कल्प बालकासाठी कदापि विकू नयेत. ग्लिसरीनची वर्ती वारंवार नेणाऱ्या ग्राहकास एक शब्द सांगावा की, हा उपाय रोजचा नव्हे.

उपसंहार

आरंभी सांगितलेल्या मुलाचा संचित मल बालरोगतज्ज्ञांकडे काढविण्यात आला व पुढील अनुलोमन आम्ही केले. तीन आठवड्यांत बरे वाटताच घरच्यांनी औषध थांबविले आणि गणपतीच्या गडबडीत त्रास पूर्ववत झाला. पुन्हा आरंभ करावा लागला. दुसऱ्या खेपेस वडील स्वतः आले. कोंडण्याविषयी आम्ही त्यांना काही बोललो नाही. मलाशयाचे चित्र कागदावर काढून मल कसा पाझरतो तेवढे दाखविले. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले व म्हणाले, "म्हणजे त्याला कळतच नव्हतं." दिवाळीनंतर मूल संडासाचे दार उघडे ठेवून, वडिलांना उंबऱ्यावर बसवून, स्वतः शौचास बसू लागले.

प्रत्येक बालकात असेच घडेल असा आमचा दावा नाही. काहींना वर्ष लागते, काहींत निराळे कारण निघते. परंतु 'चड्डीत करतो' ही तक्रार निघता निघता कानी पडली, तर मातेस पुन्हा बसवावे, मुलाच्या उदरावर हात ठेवावा व मगच लेखणी उचलावी, एवढी विनंती आम्ही या निमित्ताने आपल्या सर्व व्यवसायबंधूंस करतो. इति शम्.